‘विकेंद्रित’ आणि ‘संघीय’ : एक शब्दविचार

नवी वस्तू आली की तिचे नाव भाषेत येते. पण नावाबरोबर तिचे आकलनही येतेच असे नाही. मॅस्टोडॉन व तत्सम समाजमाध्यमांविषयी बोलताना ‘विकेंद्रित’ आणि ‘संघीय’ ही दोन विशेषणे सर्रास एकाच अर्थाने योजिली जातात. आमच्या मते हा केवळ शब्दांचा सैलपणा नव्हे. त्यामुळे वस्तूचे मूल्यमापनच चुकते.

वस्तुस्थिती प्रथम पाहावी. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन सुरू केले. त्याची आज्ञावली कोणासही मोफत घेता येते व तिच्या आधारे आपला स्वतंत्र सर्व्हर चालविता येतो. अशा सर्व्हरांचा परस्परव्यवहार ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नियमसंहितेने चालतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. २०१९ च्या नोव्हेंबरात ट्विटरवर रुष्ट झालेले अनेक भारतीय इकडे वळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यावर जगभरातून त्याहून मोठा लोंढा आला.

‘विकेंद्रित’ हा शब्द काय नाही एवढेच सांगतो : एकच एक केंद्र नाही. पॉल बॅरन यांनी १९६४ मध्येच केंद्रित, विकेंद्रित व वितरित अशा तीन जालरचना वेगळ्या दाखविल्या होत्या. त्यांच्या विकेंद्रित रचनेत केंद्रे नाहीशी होत नाहीत, अनेक होतात. हे ध्यानी न घेता ‘येथे कोणी मालक नाही’ अशी स्तुती केली जाते. वस्तुतः येथे मालक अनेक आहेत. प्रत्येक सर्व्हरचा चालक आपल्या घरी सर्वाधिकारी असतो. तो खाते बंद करू शकतो, खाजगी म्हणून धाडलेले संदेशही त्यास वाचता येतात.

‘संघीय’ हा शब्द घटकांतील नाते सांगतो, म्हणून तो अधिक अर्थवाही आहे. तथापि त्यातही एक धोका आहे. संघ म्हटला की घटकांच्या वरची सत्ता आपल्या मनात उभी राहते. १९६१ मध्ये स्थापन झालेले अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ घटकसंस्थांचेच आहे. पण त्यास घटना आहे, अध्यक्ष आहे, आणि त्याचे कार्यालय फिरते असले तरी कोठेतरी असतेच. या जालास तेवढेही नाही. त्याचे साम्य टपालाशी अधिक आहे : प्रत्येक देशाचे टपालखाते स्वतंत्र, तरी एकाचे पत्र दुसरा पोचवितो. मात्र ही उपमाही फार ताणू नये. येथे एका लेखाच्या प्रती अनेक सर्व्हरांवर जातात, आणि मूळ लेखकाने तो पुसला तरी सर्वत्र पुसला जाईलच अशी खात्री नसते.

२०१९ च्या जुलैतील प्रसंग या नात्याचे मर्म दाखवितो. द्वेषमूलक मजकुरामुळे कुप्रसिद्ध झालेल्या ‘गॅब’ने मॅस्टोडॉनचीच आज्ञावली स्वीकारली. ती मुक्त असल्याने कोणासही अटकाव करता आला नाही. परंतु अनेक सर्व्हरांनी त्याच्याशी व्यवहार तोडला. गॅब हद्दपार झाले नाही. शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली. संघीयतेचा अर्थ हा आहे : हाकलण्याचा अधिकार कोणास नाही, संबंध न ठेवण्याचा प्रत्येकास आहे.

या स्वातंत्र्याची किंमतही सांगितली पाहिजे. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरहून दुसऱ्यावर जाताना अनुयायी बरोबर नेता येतात, जुने लेखन मागेच राहते. लहान सर्व्हर चालकाच्या खर्चावर व उत्साहावर उभा असतो. तो थकला की घर बंद.

महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांस हा विचार परका वाटू नये. अशा संस्थेने आपला सर्व्हर उभारल्यास नियम तिचे, मजकुराचा निवाडाही मराठी जाणणाऱ्यांच्या हाती राहील. पण खर्च, देखरेख आणि अप्रिय निर्णय यांचा भारही तिच्यावरच पडेल. विद्यार्थ्यांस ‘विकेंद्रित’ एवढाच शब्द दिला तर त्यांना यातील मोकळीक कळेल, जबाबदारी कळणार नाही. म्हणून आम्ही ‘संघीय’ हा शब्द पत्करावा असे म्हणतो. मात्र त्यातील सत्तेचा अर्थ वगळून कराराचा अर्थ शिकवावा.