लेनी ब्रूस : हशा आणि साक्षीपुरावा

वेषभूषा नाही, साथीला वाद्य नाही, मागे पडदा नाही. अशा स्थितीत एकट्याने उभे राहून तासभर श्रोत्यांस हसवीत ठेवणे हा आज पुष्कळ तरुणांचा व्यवसाय झाला आहे. इंग्रजीत त्यास 'स्टँड-अप' म्हणतात. या कलेत मोकळीक किती व जाच किती, हे पाहू जाता मला अमेरिकेतील लेनी ब्रूसचेच उदाहरण घ्यावेसे वाटते. त्याच्या विनोदाची चिकित्सा टीकाकारांपेक्षा न्यायालयांनीच अधिक केली.

ब्रूस (जन्म १९२५) रात्रीच्या क्लबांतून पुढे आला. ४ फेब्रुवारी १९६१ रोजी, बाहेर प्रचंड हिमवर्षाव चालू असता, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने मध्यरात्री प्रयोग केला. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. गवयाची चीज ठरलेली असावी आणि विस्तार मात्र त्या क्षणीचा असावा, तसे त्याचे बोलणे आहे. एक विचार अर्धा टाकून तो दुसरा धरतो, भरकटतो, पुन्हा मूळ जागी येतो. आणि हशा आला नाही तरी डगमगत नाही. या कलेतील खरी मोकळीक ती हीच, असे माझे मत आहे.

त्याच्या 'रिलिजन्स, इन्क.' या प्रवेशात धर्मोपदेशक एखाद्या कंपनीच्या विक्रेत्यांप्रमाणे सभा भरवितात. देवस्थानच्या कारभारात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आपल्या वाचकांस ते ऐकून प्रथम राग येईल. मलाही आला. दुसऱ्यांदा ऐकताना ध्यानी आले की थट्टा देवाची नसून हिशेबवहीची आहे. त्याची भाषा मात्र कित्येकदा नाहक ओंगळ आहे, आणि ती आपल्या सभामंडपात ऐकविण्याची माझी मुळीच तयारी नाही. पण मंडपात न बोलाविणे वेगळे आणि तुरुंगात धाडणे वेगळे.

दशावतारातील संकासुर जत्रेच्या रात्री आयत्या वेळी सुचेल ते बोलतो, गावच्या मोठ्यांनाही सोडीत नाही. त्याच्यावर कोणी फिर्याद गुदरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्याचा श्रोता त्याच्या ओळखीचा असतो. ब्रूसच्या श्रोत्यांत मात्र वहीपेन्सिल घेतलेला मनुष्य बसे.

एप्रिल १९६४ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधील 'काफे ओ गो गो' येथे परवाना खात्याच्या निरीक्षकाने अशी टिपणे केली, आणि पुढे साक्षीच्या वेळी त्यांवरूनच प्रयोग कथन केला. ब्रूसची तक्रार अशी की, प्रयोग या माणसाचा वाईट होतो आणि खटला माझ्यावर चालतो! वकिली करणाऱ्यास या तक्रारीचे मर्म लगेच कळावे. साक्षीत शब्द उतरतात. सूर, विराम व डोळ्यांतील मिस्किलपणा उतरत नाही, आणि विनोद तर बहुतांशी त्यांतच असतो. तिघा न्यायाधीशांपैकी एकाने भिन्न मत दिले. तरी नोव्हेंबरात तो अश्लीलतेच्या आरोपावर दोषी ठरला व डिसेंबरात चार महिन्यांची शिक्षा झाली.

तो जामिनावर सुटला खरा, पण त्याच्या कलेची खरी हानी येथून दिसते. वकील काढून टाकून तो स्वतःच कायद्याची पुस्तके चाळू लागला. (असे अशील आम्हा वकिलांच्या परिचयाचे आहेत, त्यांची कीव येते व धास्तीही वाटते.) रंगमंचावर तो खटल्यांची कागदपत्रे वाचून दाखवू लागला. १९६५ च्या बर्कले येथील मुद्रणात मार्मिक जागा आहेत, नाही असे नाही. पण कायद्याच्या चर्चेने फार जागा अडविली आहे. पूर्वी जगाकडे पाहणारा हा मनुष्य आता आपल्याच फिर्यादीकडे पाहत राहतो. सारा दोष न्यायालयाच्या माथी मारणे मात्र योग्य होणार नाही. मादक द्रव्यांनी त्याला आधीच पोखरले होते, आणि त्यांच्याच अतिसेवनाने ३ ऑगस्ट १९६६ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी तो वारला.

त्याच खटल्यात दोषी ठरलेल्या काफेच्या मालकाची शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. ब्रूसला न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी मरणोत्तर माफी दिली ती २३ डिसेंबर २००३ रोजी. ज्यांना त्याचा विनोद ऐकावयाचा असेल त्यांनी कार्नेगी हॉलचे मुद्रण प्रथम ऐकावे. बर्कलेचे मागाहून, आणि शक्य तर त्याच दिवशी नव्हे.