वेळ कुठे गेला आणि का गेला

रेसिंग गेम गंभीरपणे खेळणाऱ्याच्या संगणकात आज जेवढी माहिती साठते, तेवढी खऱ्या ट्रॅकवर स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्या हौशी चालकाला सहसा मिळत नाही. ताशी 250 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे 69 मीटर जाते. आयरेसिंगसारखा गेम सेकंदाला 60 नोंदी फाइलमध्ये लिहितो, म्हणजे साधारण दर सव्वा मीटरला एक. सेकंदाला 10 नोंदी घेणारे जीपीएस यंत्र त्याच वेगात दर सात मीटरला एकदा जागे होते. शिवाय गेममधला सेन्सर बिघडत नाही, तापत नाही, त्याची वायर सुटत नाही. मोजण्याचा प्रश्न या क्षेत्राने जवळपास सोडवला आहे. मोजलेले वाचायचे कसे, हा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि अलीकडची बरीचशी साधने तो सोडवण्याऐवजी झाकून टाकतात.

असे आकडे काढून वाचण्याच्या सवयीची सुरुवात खेळाडूंनीच केली. 1998 साली पॅपिरस कंपनीचा ‘ग्रां प्री लेजंड्स’ आला. त्यात 1967 च्या हंगामातल्या गाड्या होत्या आणि त्या हाताळायला भयंकर अवघड होत्या. तेव्हा खेळाडूंनी रिप्लेच्या फाइली उघडून त्यातून वेग, ब्रेक आणि गाडीची रेषा काढणारे साधन स्वतःच तयार केले. पॅपिरसचे सहसंस्थापक डेव्ह केमर यांनी पुढे उभारलेला आयरेसिंग 2008 मध्ये सुरू झाला. कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीने ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’मध्ये त्याहून धीट पाऊल टाकले. मोटेक ही ऑस्ट्रेलियन कंपनी खऱ्या शर्यतींसाठी डेटा लॉगर बनवते. तिच्या आय2 सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडतील अशा फाइली हा गेम स्वतःच तयार करतो. जीटी3 या शर्यतीच्या गाड्यांच्या वर्गातल्या खऱ्या संघाचा अभियंता जो पडदा पाहतो, तोच पडदा घरातल्या टेबलावर फुकट आला.

माहिती किती उघडी ठेवायची याबद्दल मात्र प्रत्येक निर्मात्याचे धोरण वेगळे आहे. कोडमास्टर्सच्या एफ1 मालिकेतला गेम नेटवर्कवरून आकडे बाहेर पाठवतो आणि माहितीच्या त्या पाकिटांची रचना कंपनी जाहीर करते. आपले आकडे इतरांना दिसू द्यायचे की नाही, ही निवडही खेळाडूच्या हाती ठेवते. खऱ्या शर्यतीत संघ जिवापाड जपतात ते गुपित इथे मेनूतल्या एका ओळीवर आले आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो 7’ आकडे पाठवतो, पण कुलूप लावून. ते कुलूप खेळाडूंनी उलगडले आणि त्यावर छोटी छोटी साधने उभी राहिली. आयरेसिंग टायरचे तापमान आणि झीज गाडी पिटमध्ये थांबल्यावरच सांगतो, कारण खऱ्या मेकॅनिकलाही ते तेव्हाच मोजता येते. कॉम्पेटिझिओने टायरचे तापमान चालत्या गाडीतून देतो. शिकणाऱ्याच्या सोयीला कॉम्पेटिझिओने जास्त उपयोगी. पण चालकाने चाकातून आणि आवाजातून टायर ओळखायला शिकावे, हा आयरेसिंगच्या पद्धतीमागचा विचार खेळाशी अधिक प्रामाणिक आहे.

या माहितीचा खरा उपयोग किती, हे इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकच्या दोन वळणांवर तपासता येते. सुरुवातीच्या सरळ रस्त्यानंतर पहिली शिकेन, म्हणजे लागोपाठची उलटसुलट वळणे, येते. जीटी3 गाडी ताशी सुमारे 270 किलोमीटरवरून 70 च्या आसपास उतरते. इथे पाच मीटर आधी ब्रेक लावणारा ते पाच मीटर वळणाच्या तोंडाशी, सर्वांत कमी वेगात रांगत काढतो. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. त्या वेगात पाच मीटरला पाव सेकंद लागतो, तर पूर्ण वेगात सेकंदाचे सात शतांश. म्हणजे एका ब्रेकमध्ये जवळपास 0.18 सेकंद गेले. लॅपच्या शेवटच्या वळणात, पॅराबोलिकात, तोच हिशेब करा. वळणातला किमान वेग ताशी 160 धरला, तर त्याच पाच मीटरची किंमत सेकंदाच्या पाच शतांशांपेक्षाही कमी निघते. तिथला पुढचा सरळ रस्ता किलोमीटरहून लांब आहे, म्हणून थ्रॉटल किती लवकर आणि किती स्थिरपणे उघडला याला महत्त्व येते. ताशी 180 ने 100 मीटर जायला दोन सेकंद लागतात आणि 183 ने गेल्यास सुमारे 0.03 सेकंद वाचतात. ती बचत सरळ रस्त्यावर पुढे पुढे साचत जाते. ‘उशिरा ब्रेक लाव’ हा एकच सल्ला एका वळणावर सोने आणि दुसऱ्यावर माती का ठरतो, ते वेगाचा आलेख दाखवतो. आलेखाच्या तळाशी दरी टोकदार असण्याऐवजी सपाट दिसली, तर गाडी तिथे रांगते आहे असे समजावे. नुसत्या लॅपच्या वेळेवरून हे कधीच कळले नसते.

सर्वांत लोकप्रिय आलेख डेल्टाचा, आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणाराही तोच. दोन लॅपमधला फरक तो मीटरगणिक दाखवतो. नवशिका त्याची उंची पाहतो, पण पाहायचा असतो उतार. फरक ज्या जागी वाढू लागतो तिथे वेळ गेला, इतकेच तो आलेख सांगतो. समजा, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उशिरा उघडला म्हणून तिथे वेळ गेला असे दिसते. पण थ्रॉटल उशिरा का उघडला? गाडी पुढून सरकत होती म्हणून. ती का सरकत होती? चाक वळवण्याआधीच ब्रेक पूर्ण सोडला आणि पुढच्या टायरांवरचे वजन गेले म्हणून. कारण साठ मीटर मागे आहे, तेही ब्रेकच्या आलेखात. डेल्टाची रेषा तिथपर्यंत बोट दाखवत नाही. ब्रेक, थ्रॉटल आणि स्टिअरिंग यांच्या रेषा एकाखाली एक ठेवून मागे मागे जाणे, हीच वाचनाची खरी रीत.

सस्पेन्शनचे हिस्टोग्राम, डँपरचा वेग, गाडीची जमिनीपासूनची उंची हे आलेख दिसायला जास्त शास्त्रीय आणि बहुतेकांना कमी उपयोगाचे. ज्याच्या सलग दहा लॅप एकमेकींपासून अर्ध्या सेकंदाहून जास्त ढळतात, त्याने गाडीच्या सेटअपमध्ये, म्हणजे जुळणीत, केलेल्या बदलाचा परिणाम त्याच्याच गोंधळात बुडून जातो. ठरावीक सेटअपच्या शर्यतींमध्ये तर या आलेखांना कामच नाही. टायरच्या दाबाचा मात्र अपवाद करावा. तो वाचायला सोपा, बदलायला सोपा आणि पकडीवर लगेच दिसणारा आहे.

आता बाजाराकडे वळू. गॅराज 61 सारखी सेवा आयरेसिंगच्या लॅप आपोआप साठवून इतरांच्या लॅपशी जुळवून दाखवते. मोटेकचा पडदा नवख्याला घाबरवतो, त्या मानाने ही मोठीच सोय. त्यापुढची पायरी म्हणजे महिन्याकाठी पैसे घेऊन सल्ला देणारे प्रशिक्षक-सॉफ्टवेअर. तुमची लॅप घ्यायची, एखाद्या ‘एलियन’ची, म्हणजे अचाट वेगवान खेळाडूची, लॅप शेजारी ठेवायची आणि सांगायचे: इथे आठ मीटर उशिरा ब्रेक लावा, तिथे थ्रॉटल आधी उघडा. हे गणित न सोडवता गाइडमधले उत्तर उतरवून घेण्यासारखे आहे. उत्तर बरोबर असते, पण पुढच्या ट्रॅकवर पुन्हा गाइडच लागते. एलियन आठ मीटर उशिरा ब्रेक लावू शकतो, कारण तो वळणाच्या आतपर्यंत ब्रेक हळूहळू सोडत नेतो आणि गाडी त्यावरच फिरवतो. ते कौशल्य नसताना फक्त ब्रेकचे ठिकाण उचलले, तर गाडी खडीत जाते. शिवाय त्याच्या लॅपला टाकीत पेट्रोल किती होते, ट्रॅक किती तापला होता, सेटअप कोणता होता, हे जुळले नाही तर तुलनाच पोकळ. चार सेकंद पुढे असलेल्यापेक्षा चार दशांश पुढे असलेल्याची लॅप जास्त शिकवते.

‘आदर्श लॅप’ नावाचा आकडाही असाच फसवा. ट्रॅकचे बारीक तुकडे करून प्रत्येकातली सर्वोत्तम वेळ बेरजेला घेतली की एक मोहक वेळ समोर येते. पण एका तुकड्यातली सर्वोत्तम वेळ पुष्कळदा पुढच्या तुकड्याच्या जिवावर मिळालेली असते. आततायी ब्रेक लावून कमावलेले पाच शतांश लगेचच्या सरळ रस्त्यावर दुप्पट व्याजाने फेडावे लागतात. मग ही बेरीज कोणत्याच गाडीला शक्य नसलेल्या लॅपची होते. तुकडे मोठे, एका सरळ रस्त्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत घेतले, तरच आकड्याला अर्थ येतो.

आणखी एक मर्यादा मुळातच आहे. हे आकडे अचूक आहेत, पण ते टायरच्या गणिती प्रतिकृतीचे आहेत. निर्मात्याने एका अपडेटमध्ये ती प्रतिकृती बदलली, की काल शिकलेला आदर्श दाब आज चुकतो. ब्रेक आणि थ्रॉटलच्या रेषांमधून घडलेली शिस्त गेम बदलला तरी, अगदी खऱ्या गाडीतही, सोबत येते. दाबाचे आणि तापमानाचे आकडे त्या गेमपुरते, त्या आवृत्तीपुरतेच.

म्हणून या साधनांची किंमत त्यांच्या आलेखांच्या संख्येवरून ठरवू नये. वेग, ब्रेक, थ्रॉटल, स्टिअरिंग आणि डेल्टा या पाच रेषा अंतराच्या अक्षावर स्वच्छ दाखवणारे फुकट साधन बहुतेक खेळाडूंना पुरून उरते. कोणत्याही महागड्या साधनाला एकच कसोटी लावावी: वापरणाऱ्याला एका वळणाबद्दल नेमका प्रश्न विचारता येऊ लागला का, आणि वर्गणी बंद केल्यावरही तो विचारता येतो का? आजच्या सल्ला देणाऱ्या साधनांपैकी बहुतेक या कसोटीवर नापास होतात, कारण खेळाडूला स्वतः वाचता येऊ लागले तर त्यांची वर्गणी थांबते. त्यांच्या निर्मात्यांनी उत्तर दाखवण्याआधी खेळाडूला त्याचाच अंदाज विचारला, तरी बरेच काही बदलेल.