मॉर्मन ग्रंथाची साक्ष

जोसेफ स्मिथ यानें 1830 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेला मॉर्मन ग्रंथ हातीं घेतां आमचें लक्ष प्रथम साक्षीदारांकडे गेलें. अज्ञात लिपींतील सुवर्णपत्रें पाहिल्याचें अकरा जणांनीं लिहून दिलें. वाचतां मात्र तीं एकालाही येत नव्हतीं! जळगांव-धुळ्याकडील महानुभावांस गूढ लिपि अपरिचित नाहीं. त्यांची सकळ लिपि उकलणारे इतिहासाचार्य राजवाडे 1926 सालीं धुळ्यासच निवर्तले. पण त्या लिपीआड होतें काय? म्हाइंभटानें माणसामाणसांस विचारून जमविलेलें चक्रधरांचें साधें बोलणें. स्मिथचें गद्य बायबलच्या जुन्या धाटणीनें जड झालें आहे. तरी त्यावर विसंबून हजारों माणसें 1847 पासून युटाच्या ओसाड प्रदेशांत गेलीं. त्या बळाचा उगम आम्हांस ग्रंथाच्या पानांत सांपडला नाहीं.