‘भीती वाटली नाही’ हा डेटा आहे का? ‘लपाछपी’च्या निमित्ताने

संशोधन पद्धतीच्या पेपरला ‘वैधता म्हणजे काय’ हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक जण व्याख्या पाठ करतात, चार मार्क घेतात आणि मोकळे होतात. खरं तर प्रश्न साधा आहे: आपण जे मोजतोय असं म्हणतो, तेच मोजतोय का? आज हा प्रश्न एका भुताच्या सिनेमाला, म्हणजे त्यावरच्या प्रेक्षकांच्या मतांना लावून बघू.

सिनेमा आहे ‘लपाछपी’. दिग्दर्शक विशाल फुरिया, प्रदर्शन जुलै २०१७. कमी खर्चाचा, मोजक्या कलाकारांचा मराठी भयपट. नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गरोदर आहे. नवरा तुषार कर्जात अडकलाय आणि वसुलीवाले मागे लागलेत. काही दिवस लपून राहायचं म्हणून दोघं ड्रायव्हर भाऊरावच्या गावी जातात. चारी बाजूंनी ऊस, मध्ये एकच घर, आणि घरात भाऊरावची बायको तुळसाबाई (उषा नाईक). तिथे नेहाला लहान मुलं दिसायला लागतात. पुढे कळतं की या घराण्यात मुलींना जगू दिलेलं नाही. शेवट सांगत नाही, बघितला नसेल तर बघा.

या सिनेमाबद्दल वर्गात, घरी, मित्रमंडळींत जी मतं ऐकू येतात ती ठेवायला तीन खोकी पुरतात. एक: ‘भीती वाटली’ किंवा ‘वाटली नाही’. दोन: ‘बजेट कमी असूनही चांगला केलाय’. तीन: ‘संदेश चांगला आहे’. तिन्ही मतं प्रामाणिक आहेत. पण ती नेमकं काय मोजतात?

पहिलं खोकं घ्या. ‘भीती वाटली नाही’ हे सांगणारा सिनेमा कुठे बघत होता? अंधाऱ्या थिएटरात, की दुपारी मोबाईलवर, जेवता जेवता? प्रयोगवहीत तापमान न लिहिता द्रावणाची विद्राव्यता लिहिली तर गाइड वही परत देतील. भीतीच्या बाबतीत मात्र आपण परिस्थिती न लिहिता थेट रीडिंग देतो. शिवाय नमुना कोणाचा, हा प्रश्न आहेच. आपल्याच खेड तालुक्यातल्या तुंबाडचं नाव घेतलेला ‘तुंबाड’ हा हिंदी सिनेमा आठवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरात त्याला बेताचीच गर्दी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. सिनेमा तोच होता, तिकीट काढणारे बदलले होते. मधल्या वर्षांत घरी बघून आवडलेले आणि त्यांच्याकडून नाव ऐकलेले लोक दुसऱ्या वेळी रांगेत होते. म्हणून ‘लोकांना आवडला’ हे वाक्य वाचलं की आधी विचारायचं: कोणत्या लोकांना, कधी आणि ते तिथवर आले कसे?

दुसरं खोकं मला जास्त खटकतं. ‘बजेट कमी असूनही’ यातला ‘असूनही’ तपासायला हवा. ‘लपाछपी’त सगळ्यात भीतीदायक काय असेल तर तो ऊस. आणि त्याला सेट लागत नाही. उभ्या उसात माणूस दिसेनासा होतो, दिशा कळत नाही, पात अंगाला कापते, आणि वारा नसताना सळसळ झाली तर ती कशाची हे सांगता येत नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात दिग्दर्शकाने त्यातून भीती उभी केली आहे. पश्चिम महाराष्ट्रात ऊस म्हणजे पैसा, कारखाना, बरकत. त्याच बरकतीच्या मधोमध हे घर ठेवणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. एक घर, थोडी माणसं, बाहेर पडायला वाट नाही: कोंडल्याची ही भावना पैशाच्या कमतरतेवर मात करून आलेली नाही, त्या मर्यादेतूनच ती घडली आहे. माझ्या मते इथे ‘असूनही’ खोडून ‘म्हणून’ लिहायला हवं.

यावर कोणी म्हणेल, याची चाचणी तर आधीच झाली आहे. याच दिग्दर्शकाने हीच गोष्ट हिंदीत ‘छोरी’ नावाने केली आणि ती नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर आली. मग दोन्ही बघा आणि ठरवा, जास्त साधनांनी काय फरक पडला. थांबा. भाषा बदलली, नायिका बदलली (नुसरत भरुचा), सासुरवाशिणीला जोखणारी ती म्हातारी बाई बदलली (मीता वसिष्ठ), थिएटरऐवजी घरचा पडदा आला. एवढे सगळे चल एकदम हलल्यावर फरकाचं श्रेय एकट्या पैशाला देता येत नाही. पण एक गोष्ट नोंदवता येते: बाकी इतकं बदलून ऊस मात्र तसाच ठेवला. काय सोडायचं नाही हे दिग्दर्शकालाच माहीत होतं.

आता तिसरं खोकं. ‘संदेश चांगला आहे’ हे कौतुक असलं तरी त्यातून आपण हळूच सिनेमाच्या बाहेर पडतो. संदेश दुसऱ्यांसाठी असतो: खेड्यातल्यांसाठी, उसाच्या पट्ट्यातल्यांसाठी. रत्नागिरीत बसून तर हे फारच सोपं आहे. आपल्याकडे आंबा, काजू, भात. उसाची अशी शेतं नाहीत. वर हाताशी आकडाही आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ‘आमच्याकडे असलं काही नाही’ म्हणायला आणखी काय पुरावा हवा?

इथेच वैधतेचा प्रश्न विचारायचा. ११२२ हा आकडा मुलींना मिळणारी वागणूक मोजत नाही. पुरुष मुंबईला चाकरीला गेले आणि बायका घर-शेती सांभाळत गावी राहिल्या, हे तो मुख्यतः मोजतो. ० ते ६ वयोगट वेगळा काढला की जिल्ह्याचं गुणोत्तर १००० च्या खाली येतं. निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात, १००० मागे साधारण ९५० मुली अपेक्षित असतात, म्हणून १००० च्या खाली दिसल्याबरोबर कोणाकडे बोट दाखवायचं कारण नाही. पण ११२२ ची ढाल हातातून जाते. राज्यापुरतं बघितलं तर याच वयोगटाचा आकडा २००१ मध्ये ९१३ होता, २०११ मध्ये ८९४ झाला.

आणि संदेशाची उणीव होती का? गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, देशाचा कायदा १९९४ चा. दवाखान्यात पाट्या लागल्या, भाषणं झाली, आपण शाळेत निबंध लिहिले. तरी पुढे आकडा खाली आला. म्हणजे ‘मुलगी वाचवा’ हे सांगणं एवढंच ‘लपाछपी’चं काम असतं, तर त्याची फारशी गरज नव्हती.

सिनेमा जे करतो ते पाटीला जमत नाही. तो आपल्याला गरोदर बाईच्या जागी त्या घरात बसवतो. तुळसाबाई आरडाओरडा करणारी चेटकीण नाही. ती नेहाचं खाणंपिणं बघते, काळजी करते, वडीलधाऱ्या बाईच्या हक्काने बोलते. ही काळजी पोटातल्या कोणासाठी आहे आणि कोणत्या अटीवर, हे कळत जातं तशी भुतांपेक्षा तिचीच धास्ती वाटू लागते. हे उषा नाईक यांच्या कामाचं यश. अशी अटींची माया भेटायला ऊस लागत नाही, ती आंब्याच्या बागेतल्या घरातही असू शकते.

सिनेमाचा दोषही इथेच आहे. शेवटाकडे पूर्वकथा आणि उलगडा यांचा भार फार वाढतो. जे तुळसाबाईच्या नजरेतून आधीच कळलंय ते पुन्हा बोलून सांगितलं जातं. त्यामुळे बाहेर पडताना प्रेक्षकाच्या हातात ती नजर राहत नाही, तयार वाक्य राहतं, आणि तो तेच आपल्याला ऐकवतो: संदेश चांगला आहे. म्हणजे तिसऱ्या खोक्यात जाणारं मत काही प्रमाणात सिनेमानेच तयार करून दिलंय. प्रश्नावलीत उत्तर सुचवणारा प्रश्न घातला की असंच होतं.

पेटची तयारी करणाऱ्यांसाठी एक छोटा सराव. कोणत्याही भयपटावरची दहा मतं गोळा करा आणि वहीत तीन रकाने आखा: मत देणाऱ्याने सिनेमा कुठे, कसा बघितला, कोणत्या प्रसंगाचं नाव घेतलं, आणि स्वतःला त्या घराच्या आत ठेवलं की बाहेर. बरेच रकाने रिकामे राहतील. रिकामे तसेच सोडा, अंदाजाने भरू नका. मग ‘लपाछपी’ बघितलेल्या एखाद्या घरातल्या मोठ्या बाईला विचारा, तुळसाबाई कशी वाटली. आणि ती लगेच उत्तर देते की आधी थोडं थांबते, तेही लिहून ठेवा.