दुय्यम भूमिकेचा धनी : क्लॉड रेन्स

नाटक असो वा बोलपट असो, प्रेक्षकाचें लक्ष नायक-नायिकांकडे लागलेलें असतें आणि टीकाकाराची लेखणीहि बहुधा तिकडेच वळते. उरलेल्या नटांच्या वांट्याला शेवटच्या परिच्छेदांतलें एखादें वाक्य येतें : अमुक यांनीं आपली भूमिका ठीक वठविली. इंग्रजींत ज्याला ‘कॅरेक्टर ॲक्टर’ म्हणतात त्या नटाची उपेक्षा इतकी जुनी आहे कीं, त्याच्यासाठीं आपल्याला धड शब्दहि सांपडलेला नाहीं. ‘चरित्र-अभिनेता’ हा शब्द रूढ झाला आहे खरा. पण चरित्राशीं या नटाचा संबंध काय, हें कोणीं सांगावें? आमच्या शास्त्रकारांनीं पीठमर्द, विट, विदूषक, प्रतिनायक असे भेद बारकाईनें पाडले. क्लॉड रेन्स या इंग्रज नटाच्या उत्तम भूमिका मात्र यांतल्या एकाहि खणांत नीट बसत नाहींत.

रेन्सचा जन्म १० नोव्हेंबर १८८९ रोजीं लंडन शहरांत, टेम्स नदीच्या दक्षिणेकडील वस्तींत झाला. बाप नट, घर गरिबीचें. पोराची बोली कॉकनी, आणि तीहि अडखळती. अशा मुलानें रंगभूमीवर उभें राहण्याची आशा धरावी, हेंच मुळीं धाडसाचें. हर्बर्ट बीरबोम ट्री या त्या काळच्या बड्या नटाच्या ‘हिज मॅजेस्टीज’ नाट्यगृहांत तो नटांना प्रवेशाची वर्दी देणारा पोऱ्या म्हणून राहिला आणि पुढें प्रॉम्प्टर झाला. ट्रीनें त्याची हुषारी हेरली व त्याचे उच्चार सुधारावेत म्हणून पदरचा पैसा खर्च केला. पहिल्या महायुद्धांत रेन्स लंडन स्कॉटिश पलटणींत होता; तेथें विषारी वायूनें त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टि जवळजवळ नाहींशी केली. युद्धानंतर रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेंत तो शिकवूं लागला. जॉन गीलगुड आणि चार्ल्स लॉटन हे त्याचे तेथले विद्यार्थी. ज्याची स्वतःची जीभ लहानपणीं नीट वळत नव्हती त्याच्या हाताखालीं गीलगुडसारखा वाणीचा कसबी तयार व्हावा, हें नवलच म्हणावयाचें. पुढें रेन्स अमेरिकेस गेला व १९३९ सालीं तेथला नागरिक झाला.

बोलपटांत त्याचें नांव झालें तें १९३३ सालच्या ‘दि इन्व्हिजिबल मॅन’मुळें. एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरून जेम्स व्हेलनें काढलेल्या या चित्रपटांत नायकाचा चेहरा अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाहीं, आणि दिसतो तेव्हां तो मेलेला असतो. चव्वेचाळिशीला आलेल्या नटानें नुसत्या आवाजावर सारा चित्रपट तोलून धरला. तेव्हांपासून रेन्स म्हणजे आवाज, हें समीकरण ठरून गेलें. त्याच्या स्तुतीसाठीं मखमल, मध, जुनें मद्य अशा उपमा वापरण्यांत आल्या आहेत. आम्हांला ही स्तुति अपुरी वाटते. हा आवाज देवानें दिलेला नव्हता. तो एका गरीब पोरानें कष्टानें कमावलेला होता. आणि कमावलेल्या वस्तूला राखण करावी लागते. आम्हां इंग्रजी शिकलेल्या लोकांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. परक्या वाणींत बेतून बेतून बोलणारा माणूस आपल्याच शब्दांवर किती पहारा ठेवीत असतो, हें आपल्याला अनुभवानें ठाऊक आहे. रेन्सचें सारें सामर्थ्य या पहाऱ्यांत आहे. त्याचीं माणसें सभ्य आहेत, सुसंस्कृत आहेत, पण तें सभ्यपण त्यांनीं अंगावर चढविलेलें आहे आणि तें केव्हां तरी उसवेल, ही धास्ती त्यांना सोडीत नाहीं.

‘मि. स्मिथ गोज टु वॉशिंग्टन’ (१९३९) मधला सेनेटर पेन पाहा. तरुणपणीं तो ध्येयवादी होता, स्मिथच्या बापाचा मित्र होता. आतां तो एका धनदांडग्या राजकारण्याचा मिंधा आहे. शेवटीं त्याला पश्चात्ताप होतो, तो स्वतःवर पिस्तूल रोखतो, भर सभागृहांत गुन्हा कबूल करतो. हा शेवट दिग्दर्शक कॅप्राचा आहे आणि तो भडक आहे. रेन्सचा पेन त्याच्या कितीतरी आधीं, स्मिथची भोळी श्रद्धा सोसवेनाशी होऊन जेव्हां नजर चुकवितो, तेव्हांच संपलेला असतो. उलट ‘कॅसाब्लांका’ (१९४२) मधला कॅप्टन रेनो कशालाच लाजत नाहीं. जुगार चालतो म्हणून आश्चर्य दाखवून तो रिकचें विश्रांतिगृह बंद करवितो, आणि त्याच वेळीं तेथला नोकर त्याच्या हातावर त्यानें जिंकलेली रक्कम ठेवतो. ती तो शांतपणें, आभार मानून घेतो. या प्रसंगाला हंसला नाहीं असा प्रेक्षक आम्हीं पाहिला नाहीं. पण त्याच खुशालचेंडूनें अखेरीस व्हिशीच्या पाण्याची बाटली टोपलींत टाकून तिला लाथ मारावी, हें आपल्याला पटतें, कारण बेफिकिरी हाहि त्याचा चढविलेला पोषाखच होता, हें रेन्सनें आधींपासून सुचवून ठेवलेलें असतें.

मुख्य भूमिका मिळाली कीं मात्र त्याचें कांहींतरी हरवतें. शॉच्या नाटकावरील ‘सीझर अँड क्लिओपात्रा’ (१९४५) मध्यें तो सुरेख बोलतो. मन मात्र हलत नाहीं. शॉचा सीझर सदा निर्धास्त आहे, आणि निर्धास्त माणसाला राखण्यासारखें कांहीं नसतें.

त्याची सर्वोत्तम भूमिका आमच्या मतें हिचकॉकच्या ‘नटोरियस’ (१९४६) मधली. अलेक्झांडर सेबॅस्टियन हा रिओ द जानेरो येथें दडलेला नाझी कटवाला. त्याच्या घरांत शिरकाव व्हावा म्हणून अमेरिकन हेर एका तरुणीला त्याच्याशीं लग्न करावयास लावतात. नायक कॅरी ग्रँट, नायिका इन्ग्रिड बर्गमन. न्यायानें आपली सहानुभूति नायकाकडे जावयास हवी. पण चित्रपटांत निखळ प्रेम करणारा पुरुष एकच आहे, आणि तो हा खलनायक. उंचीनें बायकोपेक्षां ठेंगणा, वयानें मोठा, आईच्या धाकांतला. बायको हेर आहे हें कळल्यावर तो पहांटे आईच्या खोलींत येतो आणि आपण एका अमेरिकन हेराशीं लग्न केलें आहे, असें सांगतो. आवाज चढत नाहीं. सारी मखमल गळून पडलेली असते आणि खाली उरतो तो आईपाशीं चूक कबूल करणारा मुलगा. पुढें हाच माणूस बायकोला हळूहळू विष घालूं लागतो, तरीहि आपल्याला त्याची कींव येत राहते. शेवटीं नायक तिला उचलून मोटारींत घालतो. सेबॅस्टियन आपल्यालाहि आंत घ्या म्हणून विनवतो. दार उघडत नाहीं. मागून सोबती त्याला सौजन्यानें घरांत बोलावतात. तो पाठमोरा पायऱ्या चढतो आणि दरवाजा लागतो. नायकाचा विजय झाला, पण त्या पाठीकडे पाहतांना आनंद कोणाला होतो?

दुय्यम अभिनयाच्या ऑस्कर पारितोषिकासाठीं त्याचें नांव चार वेळां सुचविलें गेलें; एकदांहि मिळालें नाहीं. रंगभूमीनें १९५१ सालीं ‘डार्कनेस ॲट नून’ मधल्या कैद्याच्या भूमिकेसाठीं त्याला टोनी पारितोषिक दिलें. ३० मे १९६७ रोजीं न्यू हॅम्पशायरमध्यें तो वारला. त्याआधीं पांच वर्षें ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ मध्यें ड्रायडन या ब्रिटिश मुत्सद्द्याच्या छोट्या भूमिकेंत तो दिसला. लॉरेन्सला वाळवंटांत धाडणारा हाच. दमास्कस घेऊन झाल्यावर राजा फैजल आणि सेनापति वांटणीची घासाघीस करीत असतात, ड्रायडन मध्यें बसलेला असतो. फैजल त्याचें मत विचारतो, तेव्हां आपण इंग्लंडांतल्या टनब्रिज वेल्स गांवींच राहिलों असतों तर बरें झालें असतें, एवढेंच तो म्हणतो. त्यांत थट्टा किती आणि थकवा किती, हें रेन्स अखेरपर्यंत कळूं देत नाहीं.