शिडी संपते तिथून पुढे

अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा खात्याच्या नियमावलीत 1910.23 क्रमांकाचे कलम आहे. विषय एकच : शिड्या. हातात धरून न्यायची शिडी, चाकांवरची शिडी आणि कारखान्यात टाकीला, सायलोला, धुराड्याला कायमची जखडलेली उभी शिडी, जिला आपल्याकडे साइटवर मंकी लॅडर म्हणतात, या सगळ्या त्यात येतात. सध्याचा मजकूर 18 नोव्हेंबर 2016 रोजी प्रसिद्ध झाला आणि 17 जानेवारी 2017 पासून लागू झाला. सेफ्टी ऑफिसर तो ऑडिटच्या आदल्या दिवशी चाळतात, फॅब्रिकेटरला तो ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टिपेतून भेटतो. पण हा मजकूर ओळीओळीने, सावकाश वाचावा असा आहे. उभी शिडी चढणाऱ्या माणसाच्या पायाचे, हाताचे आणि धास्तीचे इतके बारीक निरीक्षण ललित गद्यातही क्वचित सापडते. इथे ते सगळे आकड्यांच्या पोटात आहे.

आधी वाक्यरचना पाहू. कलमातल्या जवळजवळ प्रत्येक तरतुदीचा कर्ता एकच आहे : मालक. शिडी मजबूत असावी, एवढे म्हणून मजकूर थांबत नाही. ती मजबूत असल्याची खात्री मालकाने करायची, असे म्हणतो. पुढे कामगाराने चढता-उतरता शिडीकडे तोंड ठेवावे, चढताना निदान एका हाताने शिडी धरलेली असावी, तोल जाईल असे ओझे नेऊ नये, असे तीन नियम येतात. तिथेही क्रियापदाचा धनी मालकच राहतो. कामगाराचे तोंड कोणत्या दिशेला आहे हीसुद्धा मालकाची जबाबदारी! अपघातानंतर ‘त्याचंच लक्ष नव्हतं’ म्हणून हात झटकण्याची सोय व्याकरणानेच काढून घेतली आहे. संयमही पाहा. प्रशिक्षणात सगळीकडे ‘तीन ठिकाणी आधार’ शिकवतात : दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय. कलम मात्र निदान एका हाताची पकड मागते. आदर्श सांगण्याचे काम प्रशिक्षकावर सोडून कायद्याने स्वतःकडे किमान तेवढे ठेवले आहे, आणि त्या किमानाला सूट नाही.

आता पायऱ्या. दोन पायऱ्यांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 10 इंचांपेक्षा कमी नको आणि 14 इंचांपेक्षा जास्त नको. म्हणजे साधारण 25 ते 36 सेंटिमीटर. ही मुभा दिल्यावर लगेच ती आवळली आहे : पायऱ्या समांतर, समपातळीत आणि समान अंतरावर हव्यात. 11 इंच निवडा की 13, एकदा निवडले की खालपासून वरपर्यंत तेच. उभ्या शिडीवर माणूस पायाकडे बघत नाही. त्याची नजर समोरच्या पत्र्यावर असते. तीन-चार पायऱ्यांत पायाला अंतर पाठ होते आणि पुढचे सगळे चढणे त्या पाठांतरावर चालते. मधेच एक पायरी दीड इंच वर लागली की पाय अंधारात चुकल्यासारखा चुकतो. मोजमापाची मुभा शिडी बनवणाऱ्याला आणि सारखेपणाची हमी चढणाऱ्याला, अशी ही वाटणी आहे.

याहून मला आवडतो तो 7 इंचांचा नियम. पायरीच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत किंवा पत्र्यापर्यंत किमान 7 इंच, म्हणजे 18 सेंटिमीटर जागा मोकळी हवी. जमिनीवरून पाहणाऱ्याला ही जागा दिसतही नाही. शिडी टाकीला चिकटवून बसवली तर लोखंड वाचते, ब्रॅकेट आखूड होतात, कामही नीटस दिसते. पण मग सेफ्टी शूजचे पुढचे टोक पत्र्यावर आपटते आणि पायरी चवड्याच्याही पुढे, बोटांखाली येते. सगळे वजन बोटांवर. 7 इंच मिळाले की बूट आत जातो, पायरी तळव्याच्या मध्याकडे येते आणि टाच मागे निर्धास्त राहते. साठ फूट चढायचे असेल तर पोटऱ्या भरून येणे आणि न येणे यातला फरक एवढ्या जागेत आहे. पायरीची रुंदी निदान 16 इंच हवी, म्हणजे दोन्ही पावले शेजारी ठेवून दम घेता येतो. चढणाऱ्याच्या पाठीमागे, केज (शिडीभोवतीचा पिंजरा) नसेल तिथे, 30 इंच मोकळे हवेत. पुढे 7 आणि मागे 30 या दोन आकड्यांच्या मधे एका माणसाची आकृती उभी राहते, तिचा शब्दाने उल्लेख न करता.

जाता जाता एक छोटी तरतूद. लाकडी शिडीला तिचे दोष झाकले जातील असा कोणताही थर द्यायचा नाही. रंग लावला की शिडी नवी दिसते आणि चीर रंगाखाली जाते. ऑडिटच्या आधी सगळीकडे पिवळा ऑइलपेंट मारणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

मजकुराचा खरा कळस मात्र शिडीच्या वरच्या टोकाशी आहे. चढणे हे शिडीवरचे अवघड काम नव्हे. शिडी सोडणे अवघड. टाकीच्या छपराच्या पातळीलाच शिडी संपली, असे समजा. माणूस वर पोचतो तेव्हा हात छपराच्या काठावर असतात आणि पुढे धरायला काही नसते. मग तो तळवे पत्र्यावर टेकतो. पत्रा उन्हाने तापलेला असतो, पावसाने निसरडा असतो, नाहीतर तेलकट. कंबरेतून वाकून एक गुडघा वर घ्यायचा आणि त्या क्षणी सगळा भार पकड नसलेल्या दोन तळव्यांवर. उतरताना तर याहून वाईट. पोकळीकडे पाठ करून, पोटावर आडवे होऊन, पाय खाली सोडून न दिसणारी पायरी चाचपडायची.

या प्रसंगाचे वर्णन कलमात कुठेही नाही, उत्तर मात्र आहे. उभे दांडे उतरायच्या जागेच्या वर आणखी 42 इंच, म्हणजे सुमारे 1.1 मीटर, जायला हवेत. माणूस छपरावर पूर्ण उभा राहीपर्यंत हाताला लोखंड मिळत राहते. आणि ज्या शिडीत दोन दांड्यांच्या मधून पार होऊन छपरावर यायचे असते, तिच्या या वाढीव भागात पायऱ्या गाळायच्या. तिथे पायरी राहिली तर ती आधार नव्हे, अडसर. पुढे आणखी एक बारकावा : या भागात दांडे बाहेरच्या बाजूला फाकवायचे, मधली जागा 24 इंचांपेक्षा कमी नको आणि 30 इंचांपेक्षा जास्त नको. खालची मर्यादा खांद्यांसाठी आणि कमरेच्या हत्यारांच्या पट्ट्यासाठी आहे, हे उघड आहे. वरची मर्यादा कशासाठी? दांडे फार लांब गेले तर दोन्ही हातांनी दोन्ही दांडे धरता येणार नाहीत. 24 इंचांत शरीर मावते, 30 इंचांपर्यंत हात पोचतात. शेवटच्या पावलासाठी शेवटची पायरी आणि छपराची कड यांच्यात किमान 7 आणि कमाल 12 इंच. कमी असेल तर बूट अडकतो, जास्त असेल तर ढांग टाकावी लागते. 42, 24, 30, 7, 12 : पाच आकड्यांत त्या दोन सेकंदांची पूर्ण पटकथा आहे.

आता त्याच 2016 च्या नियमांतला, पण पडण्यापासून संरक्षणाच्या वेगळ्या कलमांतला नाट्यमय भाग : मतांतर. 1971 पासून चालत आलेल्या जुन्या नियमात 20 फुटांहून उंच शिडीला केज, म्हणजे गोल पट्ट्यांचा पिंजरा, लागायचा. पिंजरा पायथ्यापासून 7-8 फुटांवर सुरू व्हायचा, पायऱ्यांच्या मध्यापासून 27-28 इंच खोल असायचा. पिढ्यान्‌पिढ्या इंजिनिअरांच्या डोळ्यांत ही आकृती म्हणजेच सुरक्षित शिडी. पाठीशी लोखंड आहे म्हटल्यावर चढणाऱ्यालाही धीर येतो. पण पिंजरा माणसाला धरत नाही. हात सुटला की माणूस त्याच्या आतच सरळ खाली जातो, वाटेत पट्ट्यांवर आपटतो, हातपाय अडकतात. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अभ्यासातही असे पिंजरे पडणाऱ्याला अडवतीलच याची खात्री देता आली नव्हती. 2016 चा नियम जाहीर करताना ओशाने स्पष्टच लिहिले की पिंजरा पडणे टाळत नाही आणि पडल्यावर इजाही टाळत नाही. खात्याने आपलीच पंचेचाळीस वर्षांची सवय नाकारली.

नाकारण्याची रीतही वाखाणण्यासारखी आहे. 24 फुटांहून, म्हणजे 7.3 मीटरहून, उंच असलेल्या आणि 19 नोव्हेंबर 2018 पासून पुढे बसणाऱ्या शिडीला पिंजरा पुरेसा मानायचा नाही. शिडीवरच बसवलेली रेल किंवा वायररोपची सुरक्षा-व्यवस्था किंवा हार्नेसची पतन-रोधक व्यवस्था हवीच. जुन्या शिड्यांना पिंजऱ्यावर राहू दिले, पण 18 नोव्हेंबर 2036 ही शेवटची तारीख लिहून. देशभरच्या टाक्यांवरचे लोखंड एका रात्रीत बदलत नाही, हे मजकुराला ठाऊक आहे. वीस वर्षांची मुदत म्हणजे दिरंगाई असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे.

नव्या व्यवस्थेच्या अटी वाचताना पुन्हा तोच निरीक्षक भेटतो. ती वापरताना कामगाराचे दोन्ही हात चढण्यासाठी मोकळे हवेत. व्यवस्थेचा कोणताही भाग सतत धरावा, ढकलावा किंवा ओढावा लागता कामा नये. कारण ज्याला दर दोन पायऱ्यांनी हूक काढून लावावा लागतो तो दहाव्या पायरीनंतर हूक लावत नाही, हे साइटवर सगळ्यांना माहीत असते. रेलपासून हार्नेसपर्यंतचा दुवा 9 इंचांपेक्षा लांब नको, म्हणजे पडण्याला वेग घ्यायला अंतरच मिळत नाही. आणि चाचणी : 500 पौंड वजन 18 इंचांवरून सोडायचे, काही तुटता कामा नये.

उणीव? आहे. 24 फुटांची रेषा मला पटत नाही. वीस फुटांवरून पडलेला माणूसही उठत नाही. युरोपात चालणाऱ्या आयएसओ 14122 या मानकाचा चौथा भाग 3 मीटरच्या वर गेलेल्या शिडीलाच पतनापासून संरक्षण मागतो. तिथे पिंजरा मात्र अजून चालतो. अमेरिकेने उत्तर बरोबर निवडले, पण प्रश्न उशिरा सुरू केला. युरोपचे नेमके उलट.

आणि आपण? 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 32 ने उंचीवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेसाठी कठडा किंवा अन्य तजवीज करायला सांगितली होती, तीही ‘रास्तपणे शक्य असेल तितपत’ या आशयाच्या शब्दांत. हेतू निर्मळ, पण त्यात बुटाचे टोक नव्हते, तळवा नव्हता, छपराची कड नव्हती. मोजमाप मानकांकडे गेले, आणि मानक प्रत्यक्ष वेल्डरच्या हातात पोचेपर्यंत वाटेत ‘जागेवर बघून घेऊ’ येते. जागेवर बघून घेतलेली शिडी बहुतेक वेळा छपराच्या पातळीलाच संपते.

म्हणून साखर कारखान्यात, एमआयडीसीत, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर कुठेही शिडीचे ड्रॉइंग पास करायची वेळ आली, तर ते खालून वर वाचू नका. आधी वरचे टोक बघा. दांडे 42 इंच वर गेले आहेत का, तिथल्या पायऱ्या गाळल्या आहेत का, शेवटचे अंतर 12 इंचांच्या आत आहे का, एवढे तपासा. तिथे चूक असेल तर ड्रॉइंग परत पाठवा; खालचे कितीही सुबक असो.