‘मार्तंडवर्मा’ (१९३३) : मूकपटातील वारसा आणि मूकपटाचा वारसा

प्रस्तावना :

पी. व्ही. राव दिग्दर्शित ‘मार्तंडवर्मा’ हा मल्याळम चित्रपटसृष्टीच्या आरंभकाळातील मूकपट सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या १८९१ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. प्रस्तुत लेखात त्यातील वारसाहक्काच्या मांडणीची चिकित्सा केली आहे.

संघर्षाचे स्वरूप :

त्रावणकोरचा राजा रामवर्मा आजारी आहे. मातृवंशीय प्रथेनुसार गादीचा वारस त्याचा भाचा मार्तंडवर्मा होय. परंतु राजाचा पुत्र पद्मनाभन थंपी बलाढ्य सरदार-घराण्यांच्या मदतीने गादी बळकावू पाहतो. मराठी अभ्यासकाला ही मांडणी प्रथम उलटी वाटते. आपला ‘भाऊबंदकी’ हा शब्दच पितृवंश गृहीत धरतो. खाडिलकरांच्या त्याच नावाच्या नाटकातील कलह चुलता-पुतण्याचा आहे. येथे मात्र पोटचा मुलगाच परका ठरतो.

मांडणीची चिकित्सा :

मूकपटात हक्काचा युक्तिवाद करता येत नाही. तो दाखवावा लागतो. या चित्रपटात इंग्रजी व मल्याळम पाट्यांच्या जोडीला तत्कालीन महाराजा श्री चित्तिरा तिरुनाळ यांच्या आराट्टू मिरवणुकीची प्रत्यक्ष दृश्येही आहेत. हे महाराज मातृवंशीय वारसानेच गादीवर आले होते. त्यामुळे ही दृश्ये केवळ सजावट राहत नाहीत, तर भाच्याच्या हक्काचा दृश्य पुरावा बनतात.

चित्रपटाची मर्यादाही येथेच दिसते. १९२५ च्या नायर कायद्याने त्रावणकोरमध्ये एकत्र कुटुंबाच्या वाटणीस मुभा दिली होती आणि पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरील मुलांचा हक्क मान्य केला होता. म्हणजेच पुत्राचा दावा प्रेक्षकांच्या घरात जिवंत प्रश्न होता. पडद्यावर मात्र तो खलनायकाच्या वाट्याला आला. थंपी दुष्ट आहे म्हणून त्याची मागणीही अन्याय्य ठरते. व्यक्तीचा दोष आणि दाव्याची योग्यता यांत चित्रपट फरक करीत नाही.

निष्कर्ष :

चित्रपटाच्या वाट्यालाही हक्काचाच वाद आला. कादंबरीची प्रकाशनसंस्था कमलालय बुक डेपोने स्वामित्वहक्काचा दावा लावला आणि प्रदर्शन थांबले. १९७४ मध्ये त्याची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आली, म्हणूनच तो आज अभ्यासता येतो. मालकी सिद्ध झाली म्हणून कलाकृती टिकत नाही, ती जतन करणाऱ्यामुळे टिकते. या अर्थाने संग्रहालय हेच या चित्रपटाचे खरे वारस आहे, असे म्हणता येईल.